करिश्मा आणि करिझ्मा

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात एक शब्द हमखास भेटतो. अमक्याचा करिश्मा चालला, तमक्याचा करिश्मा ओसरला. हा शब्द आपल्याच घरातला आहे असे मराठी मुसलमानाला वाटते. कव्वालीत, तकरीरीत, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. मूल गाडीखाली येता येता वाचले की ‘कुदरतचा करिश्मा’ म्हणायची आपली रीत. तेव्हा मराठी संपादकाने आपला शब्द उचलला याचा थोडा आनंदही होतो. पण संपादकाच्या मनात असतो तो शब्द आपला नसतो. त्याला म्हणायचा असतो इंग्रजीतला ‘करिझ्मा’. उच्चार जवळचा, म्हणून एकाच्या अंगरख्यात दुसरा शिरला आणि दोघे एकच समजले जाऊ लागले.

आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण या दोन शब्दांच्या गल्लतीत आमचे स्वतःचे एक प्रकरण अडकलेले आहे. ते पुढे सांगू. आधी शब्दांकडे पाहू.

‘करिश्मा’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, भुवईची मुरड, नखरा. फारसी आणि उर्दू गझलेत तो प्रेयसीच्या अदांसाठी येतो. पुढे उर्दूत आणि हिंदीत त्याला अचंबा, चमत्कार असा अर्थ चिकटला. डोळ्याच्या एका इशाऱ्याने आशिक घायाळ होतो, हा चमत्कार नाही तर काय, असाच काही प्रवास झाला असावा. आज आपण करिश्मा म्हणतो तेव्हा नखरा कुणाच्या मनात नसतो, चमत्कार असतो.

‘करिझ्मा’ ग्रीक आहे. ‘खारिस’ म्हणजे कृपा; तिच्यातून मिळालेले देणे ते ‘खारिस्मा’. पहिल्या शतकात संत पौलाने करिंथ इथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले, त्यात हा शब्द येतो. मराठी बायबलमध्ये त्याला ‘कृपादान’ म्हटले आहे, आणि आम्हांला हे भाषांतर फार आवडते. पौलाचे सांगणे असे की कुणाला ज्ञानाचे दान मिळते, कुणाला रोग बरे करण्याचे, कुणाला बोलण्याचे. देणारा एक, दाने निराळी, आणि प्रत्येक दान मिळते ते सर्वांच्या हितासाठी. म्हणजे मुळात करिझ्मा एकट्या पुढाऱ्याची मिरास नव्हती. ती मंडळीत वाटलेली होती आणि तिला काम नेमून दिलेले होते. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर ती अल्लाहची नेमत होती आणि म्हणूनच अमानत होती.

गंमत म्हणजे ज्यांचा ‘करिश्मा’ त्या इराणी लोकांनी ही गल्लत केलेली नाही. त्यांच्या फारसीत नखऱ्यासाठी ‘केरेश्मे’ आहे आणि पुढाऱ्यासाठी पश्चिमेकडून घेतलेला ‘कारीझ्मा’ वेगळा आहे. अरबांनीही तो परका शब्द परका म्हणूनच ठेवला. सरमिसळ झाली ती आपल्या उपखंडात. उर्दूवाल्यांनी ‘करिश्माती शख्सियत’ असा शब्द पाडला, हिंदीवाल्यांनी ‘करिश्माई नेता’ केला, मराठीने त्यांचे पाहून उचलले. करिश्मा कपूरच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तर दोन्ही शब्दांच्या बरोबर मधोमध उभे आहे. 2003 साली ‘करिझ्मा’ नावाची मोटारसायकल बाजारात आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरे तिला बिनदिक्कत ‘करिश्मा’ म्हणत. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, शिकलेलेही तेच म्हणत होते.

शब्दांची सरमिसळ नेहमीच होते, त्यात काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडते ते असे. देणगी म्हटले की विचारता येते: कुणी दिली, कशासाठी दिली, तिचे काय केले? चमत्काराला असे प्रश्न नसतात. चमत्कारापुढे तोंडात बोट घालायचे असते. एकाच उच्चारात दोन्ही अर्थ कोंबले की देणगीचा हिशेब चमत्काराच्या पोटात गडप होतो.

माणसाच्या ओढीसाठी जगभरच्या भाषांत जे शब्द आहेत ते पाहिले तर बहुतेक जादूटोण्यातून आलेले दिसतात. इंग्रजीतला ‘चार्म’ लॅटिन ‘कारमेन’पासून, म्हणजे मंत्रगीतापासून आला. ‘ग्लॅमर’ हा ‘ग्रामर’चा स्कॉटलंडमध्ये झालेला अपभ्रंश, अडाणी माणसाला व्याकरण शिकलेला माणूस मांत्रिक वाटे. आपली मराठी तरी काय वेगळी? मोहिनी घालणे, भुरळ पाडणे, गारूड करणे. जलशाच्या भित्तीपत्रकावर वक्त्याच्या नावामागे ‘जादूबयान’ छापल्याशिवाय आपल्याला गर्दीची खात्री वाटत नाही. काही वक्तृत्वात जादू असते, अशा अर्थाची एक हदीसही आहे. ती स्तुती आहे की इशारा, यावर उलेमांत मतभेद आहेत. इमाम मालिक यांनी ‘मुवत्ता’मध्ये ती नापसंत बोलण्याच्या प्रकरणात घातली, ही गोष्ट जादूबयान वक्ते क्वचितच सांगतात. तर या साऱ्या जादूच्या शब्दांत करिझ्मा हा एक शब्द असा होता की जो जादूतून नव्हे, देण्यातून जन्मला होता. आपण त्यालाही नेऊन जादूत बसवले.

इस्लामी परंपरेने या बाबतीत केवढी काळजी घेतली होती! प्रेषितांच्या हातून घडते तो मोजिजा. वलींच्या हातून घडते ती करामत. हा शब्द ‘करम’च्या, म्हणजे औदार्याच्या धातूतला, म्हणून तो ग्रीक खारिस्माचा खरा भाऊ शोभतो. आणि बदमार्गी माणसाच्या हातून काही अद्भुत घडले तर त्याला इस्तिदराज म्हणतात, म्हणजे अल्लाहने त्याला दिलेली ढील. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. फरक माणसाच्या वागण्यात पाहायचा. हवेत उडणारा माणूस दिसला तरी भुलू नका, तो हलाल-हरामची मर्यादा कशी पाळतो ते पाहा, असा विचार बायझीद बिस्तामी यांच्या नावावर सांगितला जातो. थोर सूफी तर करामत लपवीत, तिची लाज वाटल्यासारखे वागत. तीन निराळे शब्द हाताशी असताना आपण ते बाजूला ठेवले आणि सगळ्यांना सरसकट करिश्मा म्हणू लागलो.

करिझ्माला आजचा अर्थ दिला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी. वेबर 1920 साली वारले. त्यांचा मोठा ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. माणसे हुकूम का मानतात, हा त्यांचा प्रश्न. कधी रूढी म्हणून, कधी कायदा म्हणून, आणि कधी एखाद्या माणसात काही असामान्य आहे असे वाटते म्हणून. हे तिसरे ते करिझ्मा. मराठीत त्याला कुणी वलय म्हणतो, कुणी विभूतिमत्त्व. वेबर यांनी हा शब्द चर्चच्या इतिहासातून उचलला आणि त्यातले चांगले-वाईट काढून टाकले. त्यांच्या यादीत प्रेषित आहे, रणवीर आहे, अंगात येणारा भगत आहे आणि बाजारात लोकांना चिथावणारा वक्ताही आहे.

आम्हांला वेबर यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक अशी की करिझ्मा खरोखर पुढाऱ्याच्या अंगात आहे की नाही हे ते तपासतच नाहीत. ती आहे असे अनुयायांनी मानले की ती आहे. म्हणजे ती लोकांनी दिलेली पावती आहे. पण पुढारी मात्र असे कधी म्हणत नाही की तुम्ही दिलीत म्हणून मला मिळाली. तो म्हणतो, मला ओळखणे हे तुमचे कर्तव्यच आहे. देणारा ऋणी ठरतो आणि घेणारा सावकार. दुसरी गोष्ट अशी की मूळ पुरुष गेला की ती ओढ वंशात किंवा पदात उतरवली जाते. दर्ग्याची सज्जादानशीनी पाहिलेल्या माणसाला हे समजायला जर्मन ग्रंथ लागत नाही.

आता ते प्रकरण.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. 1998 च्या मे महिन्यात, मुंबईची आणि आखातातली माणसे सुट्टीवर आलेली असताना, गावात मोठा जलसा झाला. बाहेरगावचे एक वक्ते आले होते. आम्ही त्यांचे नाव सांगणार नाही, कारण दोष त्यांच्यापाशी संपत नाही. उंच, गोरे, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. ते दोन तास बोलले. शेवटी त्यांनी हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट सांगितली. वाटणीत प्रत्येकाला एकेकच कापड आले होते आणि खलिफा उमर उंचेपुरे. त्यांच्या अंगावरचा झगा एका कापडात होणारा नव्हता. मिंबरवर उभे राहून ते लोकांना ऐका म्हणाले, तेव्हा एक जण उठला आणि म्हणाला, आधी झग्याचा हिशेब द्या. खलिफांनी मुलाला उभे केले. मुलाने सांगितले, माझ्या वाट्याचे कापड मी वडिलांना दिले. मग तो माणूस म्हणाला, आता बोला, आम्ही ऐकतो. ही गोष्ट आपण शंभरदा ऐकली असेल, पण त्या रात्री मंडपात हुंदके आले. आम्हीही रडलो.

त्या हुंदक्यांवरच आवाहन झाले. मुलींसाठी वसतिगृह बांधायचे होते. बायकांनी पडद्याआडून बांगड्या पाठवल्या. पावत्या फाडायला आम्ही बसलो होतो, कारण आमचे अक्षर बरे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर आम्ही तीन-चार जणांना विचारले, रात्री साहेब नेमके काय म्हणाले? ‘काय बोलले, मास्टरपीस!’ एवढेच उत्तर. काय बोलले हे कुणालाच आठवत नव्हते, आम्हांलाही उमरच्या झग्यापलीकडे काही आठवेना.

तीन वर्षे गेली. जागा घेतली होती, पाया चार फूट वर आला होता, त्यावर करवंदीच्या जाळ्या वाढल्या. एका जुम्याला नमाजनंतर आमच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर उभे राहिले. हा माणूस छत्तीस वर्षे मुलांना पहाडे शिकवीत होता. आवाज बारीक, बोलताना अडखळायचा. ते म्हणाले, “भाईंनो, वसतिगृहाच्या पैशांचा हिशेब मशिदीच्या फळ्यावर लावावा, एवढीच विनंती आहे.”

मागून कुणीतरी म्हणाले, “मास्तर, तुमची पावती पंचवीस रुपयांची, आणि हिशेब लाखांचा मागता?”

लोक हसले. एक जण म्हणाला, अशा बुजुर्ग माणसावर शक घेणे म्हणजे गुनाह. मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. पावतीपुस्तके आमच्याकडे होती, ते त्यांना ठाऊक होते. किती जमा झाले ते आम्ही तिथल्या तिथे सांगू शकत होतो. आम्ही खाली मान घालून चपला शोधू लागलो.

त्या वक्त्यांनी पैसे खाल्ले असे आम्ही म्हणत नाही. ते आम्हांला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले होते, हे मात्र ठाऊक आहे. झग्याचा हिशेब मागणाऱ्या माणसासाठी ज्यांनी अश्रू ढाळले, तीच माणसे हिशेब मागणाऱ्या मास्तरांना हसली. गोष्ट आमच्या कानांतून आत गेली होती, पण आम्ही ऐकला होता तो आवाज. त्या रात्री आमच्यावर झाला तो करिश्मा, आमच्याकडून गेला तो करिझ्मा, आणि दोन्हींत फरक करण्याइतकी शुद्ध आम्हांला नव्हती.

इस्लामच्या पहिल्या पिढीला हा धोका कळत होता. इ.स. 632 मध्ये प्रेषित (स.) यांचे निधन झाले तेव्हा खुद्द हजरत उमर यांना ते मान्य होईना, कुणी तसे म्हणेल त्याला ते दटावत होते. ज्यांच्याएवढी ओढ कुणाची नव्हती त्यांच्या वियोगाचा तो क्षण. हजरत अबू बकर (रजि.) आले आणि त्यांनी लोकांना सांगितले की जो मुहम्मदांची उपासना करीत होता त्याने समजावे की ते गेले, आणि जो अल्लाहची करीत होता त्याने समजावे की तो कायम आहे. प्रेमात कुणापेक्षा कमी नसलेल्या माणसाने हे म्हणावे! आणि खलिफा झाल्यावर पहिल्याच भाषणात ते म्हणाले, मी चुकलो तर मला सरळ करा. करिझ्मा घेणाऱ्याने पावती स्वतः होऊन लिहून दिली, असे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. खालिद बिन वलीद (रजि.) हे इस्लामी फौजांचे अजिंक्य सेनापती. इ.स. 638 च्या सुमारास उमर यांनी त्यांना पदावरून दूर केले. इतिहासकार कारणे अनेक देतात. एका वृत्तांताप्रमाणे उमर यांनी कळवले की खालिद यांच्या हातून खियानत झालेली नाही. लोक त्यांच्यावर इतके भाळले आहेत की विजय अल्लाह देतो हे विसरून खालिद देतात असे मानू लागतील, याची भीती आहे. आम्ही तरुणपणी हे वाचले तेव्हा उमर आम्हांला कठोर वाटले होते. एका निष्कलंक माणसाला लोकांच्या वेडाची शिक्षा का? आजही हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला नाही. एवढे मात्र दिसते की भाळणाऱ्यांचा दोष आहे हे उमर यांनी ओळखले होते. आणि खालिद यांनी बंड केले नाही, हुकूम मानला. त्यांच्या थोरवीचा हा भाग आपल्या तकरीरीत का येत नाही, कोण जाणे. तिथे तलवारच येते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे 25 नोव्हेंबर 1949 आठवेल. घटना समितीतल्या त्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की भक्ती धर्मात आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. पुढे त्यांच्याच तसबिरीपुढे किती हात जोडले गेले, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. इतरांना हसायचा हक्क आपल्याला नाही. आपण तसबीर लावत नाही इतकेच.

मग काय, ओढ असलेल्या माणसांवर फुलीच मारायची? तसे म्हणणे आम्हांला खोटे वाटते. मास्तर सज्जन होते, पण मास्तरांच्या आवाजावर गावाने शंभर रुपयेही दिले नसते, आणि बांगड्या तर नाहीतच. बार्शीच्या एका गरीब मुसलमान घरातून आलेले शाहीर अमर शेख यांचा आवाज लागला की गिरणगावचे मैदान भरून जाई. अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि ते, तिघांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आवाज गावोगाव फिरला. तो आवाज होता म्हणून हजारो माणसे घराबाहेर पडली. ओढ नसेल तर माणूस उंबरठाही ओलांडत नाही. पण तो आवाज गात होता गिरणीतल्या कामगाराबद्दल, शेतातल्या मजुराबद्दल. ऐकणाऱ्याची नजर शाहिरावरून उठून शेजाऱ्यावर जाई. कृपादानाची जुनी व्याख्या इथे लागू पडते. आमच्या जलशात आमची नजर मंचावरून हललीच नव्हती.

आपल्या समाजात ‘आपल्याला एक चेहरा हवा’ हे वाक्य आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो. परिषदा झाल्या, मोर्चे झाले, वस्ती जळाली, समितीचे अहवाल आले. प्रत्येक वेळी बैठकीच्या शेवटी कुणीतरी सुस्कारा सोडून हे म्हणतोच. फळ्यावर हिशेब लावणारा कारकून हवा, असे म्हणणारा आम्हांला भेटलेला नाही. ज्याला अपमान फार सोसावा लागतो त्याला चमत्काराची आस लागणे स्वाभाविक आहे, हे आम्ही समजतो. पण अशा आशेपोटी आलेला माणूस परत जाताना काय घेऊन गेला हे कुणी मोजत नाही.

मास्तर 2009 साली वारले. जनाजाला गर्दी बेताची होती. आता चेहऱ्यावर नूर होता असे दफनविधीहून परतताना सगळेच म्हणत होते, आम्हीही म्हणालो. घरी येऊन आम्ही कपाटातली पावतीपुस्तके काढली आणि स्थळप्रतींची बेरीज केली. रात्रीचे दोन वाजले. आकडा कागदावर लिहिला, खाली सही केली, आणि पुढच्या जुम्याला मशिदीच्या फळ्यावर लावला. दुपारपर्यंत कुणीतरी तो काढून टाकला. मग आम्ही दुसरा लिहिला. त्या वेळी बेरीज पुन्हा तपासताना पंचवीस रुपयांची ती स्थळप्रत सापडली. तिच्यावर घाईघाईत मास्तरांचे नाव आम्ही चुकीचे लिहिले होते.